जिभाऊ काकाची री-एन्ट्री

परवा नातवंडांबरोबर वॉटर पार्कला गेले होते. दारातल्या पोरीनं माझ्या मनगटावर कागदी पट्टा चिकटवला आणि म्हणाली, "मावशी, हा फाडू नका, नाहीतर री-एन्ट्री मिळणार नाही." मला एकदम हसूच फुटलं. सूनबाई म्हणाली, काय झालं? म्हटलं, काही नाही गं, हा शब्द आमच्या घरी वारला होता, मग परत जिवंत झाला, त्याची गोष्ट आहे. तिला पाण्यात जायची घाई होती, त्यामुळे ती ऐकायला काही थांबली नाही. तेव्हा इथे सांगते.

हा शब्द आमच्या सुरतेतल्या लिंबायतच्या खोलीत आणला जिभाऊ काकानं. जिभाऊ म्हणजे आप्पांचा, माझ्या वडिलांचा, एकुलता एक धाकटा भाऊ. आप्पा लूमवर होते, पण जिभाऊ काकाला मागाचा खडखडाट नको होता. तो हजीऱ्याच्या बाजूला एका प्लँटमध्ये कॉन्ट्रॅक्टवर फिटरच्या हाताखाली लागला आणि तिथून इंग्रजी शब्द घेऊन घरी यायला लागला, जसे दुसरे लोक खारी-बिस्किटं आणतात तसे. त्यात त्याचा सगळ्यात लाडका शब्द री-एन्ट्री. प्लँटच्या गेटमधून एकदा बाहेर पडलं की परत आत यायला री-एन्ट्री लागायची. ताटात भात दुसऱ्यांदा घ्यायचा असला की तो मायला म्हणायचा, "वहिनी, भाताची री-एन्ट्री होऊ दे." टॉकीजमध्ये इंटरव्हलला शेंगदाणे आणायला बाहेर गेलेला माणूस अर्धं तिकीट दाखवून आत येतो ती री-एन्ट्री, नवरात्रात गरब्याच्या मैदानावर हातावर शिक्का मारतात ती री-एन्ट्री, लाइट गेली आणि आली की लाइटीची री-एन्ट्री. आमच्या मागच्याच शेडमध्ये माग चालायचे, दिवसरात्र खटाखट खटाखट. लाइट गेली की माग बंद पडायचे आणि त्या शांततेनं आमच्या गल्लीतली पाळण्यातली पोरं दचकून रडायला लागायची. माग परत सुरू झाले की पोरं गपगार झोपायची. "बघ बेबी," काका मला म्हणायचा, "आवाजाची री-एन्ट्री झाली, आता सगळं शांत." असला माणूस होता तो, त्याच्याशी बोलताना दात दिसल्याशिवाय राहायचेच नाहीत.

मायनं त्याला वाढवला होता. ती लग्न होऊन आली तेव्हा हा शेंबडा, चड्डीचं बटण तुटलेलं पोर होता, सासूबाई आधीच गेलेल्या. सुरतेला बिऱ्हाड आणलं तेव्हा मायच्या कडेवर मी नव्हते, जिभाऊ होता. म्हणून आप्पांचं आणि काकाचं बिनसलं तेव्हा खरी कातर मायच्या काळजात लागली. झालं असं, की आप्पांनी गावाकडे एका घरी जिभाऊसाठी शब्द देऊन ठेवला होता. काकाला विचारलंच नव्हतं, आणि विचारायचं असतं हे आप्पांच्या डोक्यात कधी आलंही नसेल. आणि फाल्गुनात एका सकाळी जिभाऊ काका गळ्यात हार घालून दारात उभा, शेजारी हार घातलेली हंसा. हंसा आमच्या दोन गल्ल्या पलीकडची, गुजराती, साड्यांवर टिकल्या लावायचं काम करायची. रजिस्टर लग्न करून आले होते. माय आत ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती, दिवासुद्धा लावलेला. म्हणजे तिला ठाऊक होतं म्हणा की! आप्पा दारात आडवे उभे राहिले. ओरडले नाहीत, हात उगारला नाही. फक्त म्हणाले, "तुझ्याच भाषेत सांगतो. ह्या घरात आता तुझी री-एन्ट्री नाही." काका पायऱ्या उतरला. हंसा वाकून उंबऱ्याला हात लावून गेली. त्या दिवसापासून तो शब्द आमच्या घरातून गेला, काकाचं नावही गेलं आणि दुसऱ्यांदा भात मागायचं धाडस कुणी केलं नाही. दोघांनी प्लँटजवळ इच्छापोरला खोली घेतली असं कानावर आलं, तेवढंच.

आता श्रावणाकडे येते. आम्हा खानदेशी लोकांना दिवाळी एकीकडे आणि कानबाई एकीकडे. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाची कानबाई बसवतात, तिला नथ, डोळे, खण, गजरे, सगळं लेणं. सोमवारी वाजतगाजत विसर्जन. आणि तिच्या नैवेद्याला रोट, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्या. रोटाचा गहू मोजायची रीत अशी, की घरात जेवढे पुरुष, तेवढ्यांच्या नावानं सव्वा सव्वा मूठ. नाव घ्यायचं आणि मूठ टाकायची. दुसऱ्या घरांची रीत वेगळी असेल, आमच्या घरची मी सांगते. ज्याच्या नावाचा गहू, त्याच्या नावाचा रोट. त्यानं पहिला तुकडा मोडल्याशिवाय इतरांनी त्या रोटाला हात लावायचा नाही. रोट फक्त घरच्यांनी खायचा, परक्याला द्यायचा नाही, रोटानं उंबरा ओलांडायचा नाही, आणि पौर्णिमेचा चंद्र उगवायच्या आत सगळे संपलेच पाहिजेत. कण सांडायचा नाही. हात धुतलेलं पाणीसुद्धा मोरीत न सोडता झाडाच्या बुंध्याशी ओतायचं. इतकं सोवळं. माझा या सगळ्यावर लहानपणापासून एकच राग होता. "माझ्या नावाची मूठ कुठे आहे?" मी दरसाल विचारायची. माय म्हणायची, "पोरींच्या नावाचं नसतं. खा ना तू, कोण नको म्हणतंय? लग्न होईपर्यंत खायचं." "आणि मग?" "मग दुसऱ्या घरचे रोट." म्हणजे माझा धाकटा भाऊ पिंट्या, ज्याला नाक पुसायची अक्कल नव्हती, त्याच्या नावाचा रोट, आणि मी सगळी भांडी घासायची! असो. त्या रागाचं पुढे येईलच.

तर त्या साली माय गहू मोजायला बसली. नाहून, ओल्या केसांनी, पुढ्यात नवं सूप. आजूबाजूच्या दोन-चार बायका आल्या होत्या, आप्पा खाटेवर दाढी करत होते, आरसा खिडकीत. मायनं आप्पांच्या नावानं मूठ टाकली. नवऱ्याचं नाव ती घेत नसे, "पिंट्याच्या आप्पांच्या नावाची" म्हणायची. मग लगेच म्हणाली, "जिभाऊच्या नावाची," आणि टाकली की मूठ! वर पाव मूठही टाकली. मग पिंट्याची. आणि मग तिचा हात हवेतच थांबला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आप्पांच्या गालावर एका बाजूला फेस आणि एका बाजूला काहीच नाही, असे ते वळले.

"हे काय केलंस?"

"मी काय करू? हात पडना," माय म्हणाली. घाबरली की ती सरळ अहिराणीत जायची, हात पडना म्हणजे आपसूक पडला. "इतल्या सालनी सवय शे हातले."

"काढ तो गहू परत."

"काढू? कानबाईना नावनं काढेल गहू मांघे टाकता येस का? तुम्हीच सांगा." आणि बायकांकडे बघितलं. बायकांनी कानाला हात लावले. एक म्हातारी तर म्हणाली, असं करू नको बाई, देवीचं घेतलेलं परत कुणी टाकतं का. आप्पा तसे कुणाला भ्यायचे नाहीत, शेठला नाही, मुकादमाला नाही, पण कानबाईला टरकायचे. त्यांनी उरलेली दाढी केली, गाल कापून घेतला आणि कामावर गेले.

मायची ती चूक खरी होती की मुद्दाम, हे मी तिला खूपदा विचारलं. ती शेवटपर्यंत "हात पडना" एवढंच म्हणायची. मी तिची पोरगी आहे, मला विचाराल तर ती खरीच चूक होती. तिचं तोंड मी बघितलं होतं, पांढरं फटक पडलं होतं. पण चूक झाल्यावर तिनं तिचा जो उपयोग केला, तो मात्र पुरता विचार करून केला.

गहू चक्कीवर गेला. त्या दिवशी आमच्याकडचा चक्कीवाला दुसरं दळण घ्यायचा नाही, चक्की धुऊनपुसून फक्त कानबाईचं पीठ. रविवारी घर नुसतं दरवळत होतं. गंगाफळाची भाजी, खीर, कटाची आमटी, उपड्या खापरावरचे मांडे, तळलेल्या कुरडया. कानबाई अशी सजली होती की नजर ठरेना. सोमवारी डोक्यावर घेऊन, डफ वाजवत, सगळं लिंबायत रस्त्यावर, आम्ही पोरी नाचून नाचून लाल. घरी येऊन आप्पांनी आपला रोट मोडला, पिंट्यानं आपला मोडला, आम्ही दुधात कुस्करून खाल्लं. आणि जिभाऊच्या नावाचा रोट मायनं स्वच्छ फडक्यात गुंडाळून देवाच्या फळीवर डब्यात ठेवला. आप्पांच्या अगदी डोळ्यांसमोर.

त्या दिवसापासून मायचा एकच धंदा. संध्याकाळी दिवेलागणीला दारात जायची आणि आप्पांना ऐकू येईल असं मला म्हणायची, "बेबी, बघ गं, चंद्र कितला भरना." मी बघायची. ढग असायचे, चंद्र कसला दिसतोय! पण मी म्हणायची, "हो माय, बराच भरला." आप्पा पेपर जोरात उलटायचे. एकदा म्हणाले, "त्याला यायचं असेल तर येऊ दे. रोट खाऊ दे, जाऊ दे. मी काय दार खिळवलंय?" मायनं ते वाक्य पडू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी मला इच्छापोरची वाट समजावून दिली आणि शाळेच्या नावाखाली बसमध्ये बसवून दिलं.

इच्छापोरला काकाची खोली सापडायला फार त्रास झाला नाही, कारण दारात तो स्वतःच लुंगीवर दात घासत उभा होता, सेकंड शिफ्ट होती त्याची. मला बघून ब्रश तोंडातच राहिला. हंसा काकू आतून धावत आली. "आव बेन, आव, बेस ने," म्हणत तिनं मला हाताला धरून आत नेलं, पुढ्यात गरम खमण, वर शेव, बाजूला तळलेली मिरची. इतकं मऊ खमण मी तोवर खाल्लं नव्हतं. मी तोंडभर खमण घेऊनच रोटाची हकिगत सांगितली. काका आधी हसला, मग त्याचे डोळे भरले, मग पुन्हा हसला. म्हणाला, "वहिनीचा हात पडला?" मी म्हटलं, "हो. आणि आप्पा म्हणाले, यायचं तर येऊ दे." झालं, तिथे त्याचा चेहरा बदलला.

"बेबी, प्लँटचा नियम सांगतो," तो म्हणाला. "ज्या साहेबानं बाहेर सोडलं, त्याच साहेबाच्या सहीनं री-एन्ट्री मिळते. वॉचमन सोडत नाही, दुसरा साहेब सोडत नाही. मला वहिनीनं बाहेर काढलं नाही, तूही काढलं नाहीस. ज्यानं काढलं त्यानं यावं."

"अरे, नानी छोकरीने एवुं शुं कहो छो," लहान पोरीला असलं काय सांगता म्हणून हंसा काकूनं त्याला दटावलं. पण तो ऐकेना. दोघे भाऊ एकाच मातीचे, आडमुठे! मी परत आले आणि घरी सगळं जसंच्या तसं सांगितलं. मायनं कपाळावर हात मारला. एकीकडे हा सही मागतोय, दुसरीकडे ते पेपर उलटतायत, मध्ये रोट वाळतोय, आणि पौर्णिमा उद्यावर. रोट तसाच राहिला तर देवी रुसेल ती गोष्ट वेगळी, पण माय मला चुलीपाशी म्हणाली, "या साली नाही आला ना बेबी, तर पुढच्या साली माझा हात पडणार नाही. सवय मोडते गं. एकदा मोडली की गेला तो." तेव्हा मला कळलं की तिला भीती कशाची आहे.

आप्पा खाटेवर पडून सगळं ऐकत होते. मान वर करून त्यांनी विचारलं, "सही म्हणजे कागदावर करावी लागते का?" मी म्हटलं, "नाही आप्पा, आपल्याकडे कागद कुठे आहे? गेलं की झालं." "हं," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी धुतलेला सदरा घातला, टोपी घातली आणि मला म्हणाले, "चल. वाट तुला ठाऊक आहे ना?" माय दाराआड उभी होती. तिनं मला डोळ्यांनीच सांगितलं, की बडबड करू नकोस. मी खोलीवर नेणार होते, पण आप्पा म्हणाले, नको, प्लँटवरच जाऊ. मला वाटतं त्यांना हंसा काकूसमोर माफी मागायला नको होती. प्लँटच्या गेटवर एक मिशाळ वॉचमन खुर्चीवर बसला होता. आप्पा थेट आत निघाले, तर त्यानं काठी आडवी घातली.

"ओ चाचा, किधर? पास दिखाओ."

"पास कसला? मेरा भाई है अंदर."

"अंदर सबका भाई है. बिना पास एन्ट्री नहीं."

आप्पा तिथेच उभे. पाऊस नुकताच थांबला होता, चिखल, ट्रक जातायत येतायत, प्रत्येक ट्रक पाणी उडवतोय आणि आमचे आप्पा धुतलेल्या सदऱ्यात गेटच्या बाहेर. ते परत म्हणाले, "दो मिनिट जाने दो, भाऊ." वॉचमन म्हणाला, "किसने भेजा? किसकी सही है?" आई शप्पथ, मी तोंडात ओढणी कोंबली. आप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि मग त्यांनाही हसू आलं. कितीतरी महिन्यांनी आप्पा हसले. मग त्यांनी गेटच्या गजांना दोन्ही हातांनी धरलं आणि गावात बैलाला हाक मारतात तशी हाक मारली, "जिभाऊ ऽऽऽ!"

आतून पिवळं टोपडं, म्हणजे हेल्मेट, घातलेला एक माणूस पळत आला. हातात पाना तसाच. वॉचमन ओरडतोय, "ए, आउट पास? बिना पास गया तो री-एन्ट्री नहीं मिलेगा!" काकानं पाना आणि टोपडं त्याच्या मांडीवर ठेवलं आणि गेटबाहेर आला. दोघे भाऊ समोरासमोर. काकाच म्हणाला, "सही व्हयनी?"

"व्हयनी, झाली," आप्पा म्हणाले. आणि त्याच्या गालावर एक चापट मारली, हलकी, आणि मग तोच गाल पुसला. मी रडले, सांगायला लाज कसली.

रिक्षा केली. काका मला मध्ये घेऊन बसला आणि हळूच म्हणाला, "दादा, एकट्याचीच री-एन्ट्री, की..." आप्पा पुढे वाकून रिक्षावाल्याला म्हणाले, "पहले इसके घर लेना. हमारी बहू को बिठाना है." हंसा काकूनं आप्पांना दारात बघितलं आणि पदर एकदम तोंडावरून खाली ओढला. घाईघाईत काय घ्यावं तिला कळेना, तर खमणाचं अख्खं पातेलंच उचललं. रिक्षात आम्ही चौघं आणि मांडीवर पातेलं, लिंबायतपर्यंत खमणाचा वास.

मायनं उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकला. या खेपेला ताटातला दिवा विझू नये म्हणून पिंट्या दोन्ही हात आडवे धरून उभा होता. उजेड अजून होता, चंद्र उगवायचा होता. फळीवरचा डबा उतरला. रोट वाळून कौलासारखा झालेला. काकानं गुडघ्यावर ठेवून तो मोडला, कडकन आवाज आला आणि आम्ही सगळे हसत सुटलो. मायनं दूध पुढे केलं. काकानं पहिला तुकडा खाल्ला. हंसा काकू दाराशी उभीच होती, पातेलं धरून. बसावं की नाही, तिला कोण सांगणार? माय आप्पांकडे बघत होती, काका खाली बघत होता.

"उभी का?" आप्पा म्हणाले. "बठ. पुढला साल गहू तू मोज."

ती बसली. तिला अहिराणी समजली नव्हती, पण बठ आणि बेस यात फरक तो किती! मायनं तिच्या हातावर रोटाचा तुकडा ठेवला. खाऊन झाल्यावर काकूनं मांडीवर सांडलेला एक एक कण बोटानं टिपून तोंडात टाकला, तिला कुणी शिकवलेलं नसताना.

तेव्हापासून आमच्या घरचा गहू हंसा काकूच मोजते. माझं लग्न झालं, मी नाशिकला गेले. दरसाल कानबाईला येते, नाचते, मांडे खाते, आणि रोट मोडायची वेळ झाली की आपली उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसते. रीत आहे, काय करणार! राग होता, पण तोही आता माझ्याबरोबर म्हातारा झाला होता. माय गेली त्या वर्षी मी जाणारच नव्हते. काकूनं फोनवर फोन करून बोलावलं. शनिवारी ती नाहून, ओल्या केसांनी गहू मोजायला बसली. केस आता सगळे पांढरे. आप्पांच्या नावाची, जिभाऊच्या नावाची, पिंट्याच्या, पोरांच्या. मी आपली केळीची पानं पुसत बसले होते. आणि मग ऐकलं, "बेबीना नावनी."

सव्वा मूठ सुपात पडून गेली होती. मी काकूकडे बघितलं. ती अगदी मायसारखी म्हणाली, "मी काय करू? हात पडना."

सगळ्यांनी आप्पांकडे बघितलं. आप्पा आता खाटेवरून फारसे उठत नाहीत, ऐकूही कमी येतं. पण हे बरोबर ऐकलं होतं. "कानबाईना नावनं काढेल शे," ते म्हणाले. "मांघे टाकता येस नही."

सोमवारी विसर्जनाहून सगळे परत आले. मी सवयीनं ओट्याकडे निघाले, तर जिभाऊ काका दारात आडवा उभा. म्हणाला, "कुठे चाललीस? सही झालीय तुझी." मग मी आत गेले, पिंट्याच्या शेजारी पाटावर बसले आणि माझ्या नावाचा रोट मोडला.